पहिली भिंत कोणाची

धडाम्.

राजा रायभान लहान असताना त्याने हा आवाज ऐकला होता. पागेची वाकडी भिंत कोसळली आणि त्याचे लाडके शिंगरू तिच्याखाली गेले. पुढे गादीवर बसताच त्याने पहिला हुकूम काढला, "जो वाकडी भिंत बांधेल, त्याने राज्य सोडून जावे."

हुकूम चांगलाच होता. फक्त त्यानंतर राज्यात कोणी भिंतच बांधेना. म्हातारे गवंडी थकले, आणि पोरांच्या हाती थापी द्यायला कोणी धजेना. नवशिक्याची पहिली भिंत वाकडी येते, हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक होते. जुन्या भिंती मात्र हुकमाची वाट न पाहता पडत होत्या.

शेवटी राजवाड्याच्याच भिंतीला तडा गेला, तेव्हा राजाने गवंडीशाळा काढली. शिकवायला गोंदाजी नावाचा म्हातारा गवंडी आणला. त्याची मुलगी राही तिथे चुना मळायची आणि दगड निवडून द्यायची. पण हुकूम शाळेलाही लागू होता. म्हणून गोंदाजी पोरांकडून पाटीवरच भिंती काढून घेई. पाटीवरच्या भिंती फार सुरेख यायच्या.

राजा तपासणीला आला. पाट्या पाहून खूश झाला.

"वा. आता धान्याचे कोठार बांधायला घ्या."

"महाराज," गोंदाजी सावकाश म्हणाला, "पोरांनी अजून दगडाला हात लावलेला नाही. पहिली भिंत वाकडी येणार. ती येऊ द्यावी, मोडू द्यावी. मग दुसरी बरी येते."

"पहिली वाकडीच येते?"

"माझीही आली होती."

"मग ती बांधताच कशाला? दुसरीपासून सुरुवात करा."

दिवाणजींनी मान डोलावली. "काय तोड काढली महाराजांनी. वेळ वाचला, दगडही वाचले."

गोंदाजीला वाटले, राजा थट्टा करतोय. राजा थट्टा करत नव्हता.

"दसऱ्याला येईन. दुसरी भिंत सुरू झालेली दिसली पाहिजे. नाहीतर शाळा बंद, आणि गोंदाजी, तुम्ही राज्याबाहेर."

घरी आल्यावर गोंदाजी गाठोडे बांधू लागला. आधी थापी ठेवली, मग धोतर. राहीने दोन्ही काढून जागेवर ठेवले.

"अगं, जायचेच आहे तर वेळेवर निघावे. पहिलीशिवाय दुसरी कोणी बांधली आहे का?"

"नाही बांधली. पण पहिली पोरांनीच बांधावी, असे कुठे म्हणालेत महाराज?"

"मग कोण बांधणार? मी?"

"बाबा, घर बांधायला काढले की पायाचा पहिला दगड कोणाच्या हातून ठेवतात?"

"घरधन्याच्या."

"ही शाळा कोणाची?"

"महाराजांची," गोंदाजी म्हणाला. मग गाठोड्याची रिकामी चादर घडी करून ठेवली.

दसऱ्याला राजा लवाजम्यासह आला. अंगणात दगड रचलेले होते, मातीचा गारा कालवून ठेवला होता. भिंत कुठेच नव्हती.

"दुसरी भिंत कुठे आहे?"

राही पुढे झाली. "सगळी तयारी झाली आहे, महाराज. पोरे दुसरी बांधायला उभीच आहेत. पहिलीसाठी आम्ही आपली वाट पाहत होतो."

"माझी?"

"पहिल्या दगडाचा मान धन्याचा. शाळा आपली आहे. आपला मान आम्ही कसा घ्यावा?"

राजा प्रसन्न झाला. "एक दगड ठेवायचा ना?"

"मुहूर्ताला एकच ठेवतात. पण आपण भिंत म्हणाला होता. एका दगडाला भिंत म्हटले, तर पोरे चुकीचे शिकतील."

राजाला वाटले, त्यात काय मोठे? त्याने बाह्या सारल्या. "चुना नाही?"

"चुना दुसरीसाठी राखून ठेवलाय."

राजा कामाला लागला. गारा मनगटापर्यंत चढला, मुकुट कानावर आला. भिंत कमरेइतकी झाली तेव्हा तो मागे सरून उभा राहिला. दरबारी वाहवा करत होते.

"सुतासारखी सरळ," दिवाणजी म्हणाले.

"ओळंबा लावा," राजा म्हणाला.

गोंदाजीने भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली. दोरीच्या टोकाचे वजन खाली आले आणि भिंतीपासून वीतभर दूर, हवेतच लोंबत राहिले. दरबारी तिथून दुसरीकडे पाहू लागले.

राही हात जोडून म्हणाली, "महाराज, आपण राज्य सोडून निघालात की शाळेची किल्ली कोणाकडे ठेवायची?"

गोंदाजीने डोळे मिटून घेतले. राजाने आधी राहीकडे पाहिले, मग ओळंब्याकडे, मग स्वतःच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे. आणि तो हसू लागला. इतका हसला, की मुकुट घरंगळून गाऱ्यात पडला.

"किल्ली तुझ्या वडिलांकडे. शाळाही त्यांचीच, ते असेपर्यंत. आजपासून पहिली भिंत सगळ्यांना माफ. आणि तुला काय हवे?"

"थापी," राही म्हणाली. "चुना मळून हात तयार झालेत. मलाही शिकायचे आहे."

"दिली. दिवाणजी, तुम्हाला भिंत सरळ दिसली ना? उद्यापासून तुम्हीही हिच्या शेजारी बसायचे."

मग राजा भिंतीजवळ गेला. त्याने तिच्यावर तळवा ठेवला. आवाज खाली आला.

"पोरी, ही पडेल?"

"पडणारच, महाराज. म्हणून तर मातीत बांधून घेतली. ती आपल्या मनाने पडण्याआधी आपण पाडायची. आधी खाली कोणी नाही ना, ते पाहायचे."

राजाने भिंतीच्या पलीकडे वाकून पाहिले. मग फेरी मारून पुन्हा पाहिले. एक मांजर होते, ते त्याने स्वतः उचलून गोंदाजीच्या हातात दिले. मग दोन्ही हातांनी भिंत ढकलली.

धडाम्.

धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग ढिगातला एक दगड उचलून त्याने पोरांनी दुसऱ्या भिंतीसाठी आखलेल्या ओळीच्या टोकाला ठेवला, शेल्याला हात पुसले आणि वाड्याकडे चालत गेला.