आईच्या खुर्चीचे माप

एकदा एक वृद्ध कारागीर चुकला, आणि दोष सर्वस्वी त्याचाच होता. लाकूड उत्तम होते, कापड गिऱ्हाइकाने स्वतः पारखून घेतले होते, आणि हाताखाली शिकणाऱ्या शिष्येने वेळेवर सावधही केले होते. तरीही तो चुकला, कारण चाळीस वर्षे एकच काम केलेल्या माणसाला दुसऱ्याचे ऐकण्याची सवय राहत नाही.

झाले असे की एक व्यापारी आपल्या आईला घेऊन दुकानात आला. आईची कंबर धरलेली. जमिनीवर बसली की उठवायला दोन माणसे लागत, म्हणून डॉक्टरांनी खाली बसणे बंद केले होते. मुलाला तिच्यासाठी खास मापाची, गादी मढवलेली खुर्ची हवी होती. दिवाणखान्यात शोभेल अशी.

कारागिराची एक रीत होती. गादी भरण्याआधी तो बसणाऱ्याला उघड्या लाकडी सांगाड्यावर बसवी आणि मग माप घेई. आई बसली. पदर सावरून, अगदी कडेला, दोन्ही पावले जमिनीला टेकवून. शिष्येने टेपचे दुसरे टोक धरले होते. तिला दिसले की आईचा उजवा पाय चपलेतून निघाला, जरा वर आला, आणि मुलाने पाहताच मुकाट खाली गेला.

शिष्या कारागिराला म्हणाली, "अण्णा, यांना एकदा पाय वर घेऊन बसू द्या."

अण्णांनी तिच्याकडे न पाहताच बजावले की गिऱ्हाइकासमोर मधे बोलायचे नाही. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "शिकतेय अजून." दोघेही हसले. तिने टेप गुंडाळली आणि राग गिळला. आपल्याकडे थोरांचा मान राखणे म्हणजे बहुधा एवढेच असते.

खुर्ची देखणी झाली. तिच्या दोन्ही हातांवर अण्णांनी महिनाभर खपून वेलबुट्टी कोरली होती. गादी दबली की खालचे पट्टे पुन्हा ताणावे लागतात, म्हणून खुर्ची पोचवून आठवडा झाल्यावर अण्णा आणि शिष्या व्यापाऱ्याच्या घरी गेले. खुर्ची रिकामी होती. आई शेजारी जमिनीवर मांडी घालून मटार सोलत होती.

व्यापारी चिडला, तोही आईवरच. एवढ्या हौसेने केले, पण हिला त्याचे काही नाही, असे बरेच बोलला. आई ओशाळली. "चांगली आहे रे. पण तिच्यात मांडी मावत नाही. पाय सोडून बसलं की आपल्याच घरी पाहुणी आल्यासारखं वाटतं मला."

तिला उठवायला मुलगा आणि शिष्या दोघे लागले. उठताना तिने ओठ दाताखाली धरला होता.

आता अण्णा काही सबब सांगतील, असे शिष्येला वाटले. थोरांकडे सबबींना तोटा नसतो. पण अण्णांनी पिशवीतून करवत काढली आणि खुर्चीचा कोरलेला हात कापायला घेतला.

"मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे ना?" व्यापारी म्हणाला.

दुसरा हातही खाली पडल्यावर अण्णा बोलले. "शेठ, मी तुमच्या आईचं माप घेतलंच नाही. चारचौघांत त्या जशा बसतात, त्याचं घेतलं. तशा त्या दिवसातून अर्धा तास बसत असतील. बाकीचा दिवस त्या कशा बसतात, ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. या पोरीला ते दिसलं होतं. तिला मी तुमच्यासमोर गप्प केलं, म्हणून आज तुमच्यासमोरच सांगतो. चूक माझी."

शिष्येच्या जिभेवर माप घेतल्या दिवसापासून जपलेले एक कडवट वाक्य होते. ते तिने तसेच राहू दिले.  तिने अण्णांच्या हातून करवत घेतली.

चार दिवसांत दोघांनी बैठक दोन्ही बाजूंना वीतभर वाढवली, गादी नव्याने भरली आणि उठताना धरायला रुंद, साधे हात बसवले. आई बसली. यावेळी मुलाकडे न पाहता तिने एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि मटारांचे ताट मांडीवर ओढले.

ज्यांच्यासाठी आपण हौसेने काही करतो, ते एकटे असताना कसे बसतात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

व्यापाऱ्याला मात्र दिवाणखान्यातली ती साधी खुर्ची आवडली नाही. म्हाताऱ्याच्या हातातले कसब गेले, असे त्याने बाजारभर सांगितले. पुढचे वर्षभर अण्णांच्या दुकानात एकाही नव्या खुर्चीचे काम आले नाही.