उंबऱ्यावरचा लाडू

एकदा एका नदीकाठच्या गावी एक गृहस्थ राहत असत. नाव दिगंबरपंत. माणूस निर्व्यसनी म्हणावा, तर एक व्यसन होतं: पुस्तकांचं. वाचण्याचं नव्हे हं, घेण्याचं! जत्रेत लोक बत्तासे घेत, पंत ग्रंथ घेत. परगावी लग्नाला गेले तरी परतताना बगलेत एक नवं गाठोडं असायचंच. माजघराशेजारची खोली अशा तीनशे पुस्तकांनी गच्च भरली होती. दर दसऱ्याला त्या सगळ्यांना हळदकुंकू मिळे, झेंडूचं फूल मिळे. वाचणारा तेवढा मिळत नसे.

याला कारण पंतांचा नेम. पोथीचं पारायण आरंभलं की ते मध्ये सोडायचं नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. तोच नियम त्यांनी सरसकट सगळ्या पुस्तकांना लावला. हाती घेतलेलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेल्याखेरीज दुसऱ्याला स्पर्श करायचा नाही, असं स्वतःशीच ठरवून टाकलं आणि फळीवरचं पहिलं पुस्तक उचललं. आता नशीब बघा! ते नेमकं निघालं हत्तींच्या रोगचिकित्सेचं. गावात हत्ती सोडाच, धड एक घोडा नव्हता. तरी पंत नेटाने वाचू लागले आणि एक्केचाळिसाव्या पानावर, हत्तीच्या नखांपाशी, जे अडकले ते अडकलेच. रोज आंघोळ करून पाटावर बसावं, दोन ओळी वाचाव्यात आणि मान छातीवर पडावी. अशी सहा वर्षं गेली. पुस्तकं घेणं मात्र चालूच होतं. पुढेपुढे तर त्या खोलीवरून जाताना पंत खाली मान घालून जाऊ लागले.

अशात त्यांची लेक रेवती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्यासाठी ती खोली लागणार होती. पंतांची पत्नी भामाबाई एक दिवस कंबरेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

"अहो, एक तर ती वाचा, नाही तर हलवा. माझ्या लेकीची खाट काय तुमच्या हत्तीच्या पाठीवर टाकू?"

पंतांनी हलवायचं ठरवलं. शहरातला एक ग्रंथविक्रेता सगळीच्या सगळी पुस्तकं न्यायला तयार होता. त्याला त्यांनी होकार कळवला. रेवतीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी पंगती उठल्या की त्याची गाडी भरायची, असं ठरलं. ठरलं खरं, पण पंत रात्री दिवा घेऊन पुन्हा पुन्हा त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहत. इतकी वर्षं जिवापाड जमवलेलं धन, एकाखेरीज कुणाचंही तोंड न पाहता घरातून जायचं होतं.

गावाबाहेर मळ्यात पंतांचे गुरुजी राहत. पंतांना त्यांनीच मुळाक्षरं गिरवायला लावली होती. आता वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात मोजून तीन, पण डोळे अजून मिश्कील. पंत त्यांना डोहाळजेवणाचं आमंत्रण द्यायला गेले आणि बोलता बोलता सगळी कथा सांगून बसले. 

"गुरुजी, माझी योग्यताच नाही. एक पुस्तक पुरं होईना, तीनशे कधी व्हायची? जाऊ देत बापडी."

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "लाडू कसले केलेत?"

"डिंकाचे," पंत गोंधळून म्हणाले.

"मग येतोच!"

पंत खट्टू होऊन घरी परतले. म्हातारपणी जीभ खवळते म्हणतात, ते काही खोटं नसावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. गुरुजी सगळ्यांच्या आधी हजर. भामाबाईंनी ओसरीवर त्यांच्या हातात एक लाडू ठेवला. गुरुजी उठले, चालत दारापर्यंत गेले आणि थेट उंबऱ्यावर मांडी ठोकून बसले. ज्या गुरुजींनी उंबऱ्यावर बसल्याबद्दल लहानपणी दिगंबराचा कान पिळला होता, तेच हे गुरुजी! पंत बघतच राहिले.

तेवढ्यात पाहुणे येऊ लागले. बायका ओटीची ताटं घेऊन आल्या, त्यांच्या मागे पुरुषमंडळी, मुलंबाळं, सगळ्यांत शेवटी तो शहरातला ग्रंथविक्रेता. दारात गुरुजी. त्यांना ओलांडून कोण जाणार? अंगण भरलं. ऊन चढलं. रेवती आत हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी लेवून ताटकळत बसली. भाताची वाफ विरायला लागली.

"गुरुजी, आत चला ना," पंत अजिजीने म्हणाले.

"हा लाडू संपला की लगेच," गुरुजी म्हणाले. लाडू चांगलाच कडक झाला होता. गुरुजी तो या गालातून त्या गालात फिरवत, आणि पुन्हा हातात घेऊन निरखत.

"तो आत बसून खा की."

"छे! जिथे आरंभ केला तिथेच समाप्ती. आणि तो संपल्याशिवाय दुसऱ्या पदार्थाला हात लावायचा नाही. नेम आहे माझा."

भामाबाईंनी आतून डोळे वटारले. अंगणात कुणीतरी खुदकन हसलं. पंत आणखी खाली वाकले.

"पण गुरुजी, तुम्हाला तो चावत तरी आहे का?"

"कसला चावतोय! आणि खरं सांगू? डिंकाचा लाडू मला मुळी आवडतच नाही."

"अहो, मग ठेवा ना तो बाजूला!" पंत भर अंगणात ओरडले. "एका लाडवापायी इतकी माणसं उन्हात उभी आहेत!"

ओरडले आणि तिथेच थबकले. आपलेच शब्द आपल्याच कानांवर पडले होते. गुरुजी लाडू हातात धरून त्यांच्याकडे बघत होते.

"दिगंबरा," गुरुजी मृदू स्वरात म्हणाले, "तुझा नेम चांगलाच होता, पण तो पारायणाचा. पारायणात आपण देवाला शब्द दिलेला असतो. हत्तीच्या नखांना तू कसला शब्द दिलास रे? तू हौसेने तीनशे पाहुणे बोलावलेस. त्यातला एक उंबऱ्यावर बसला, तुझं नि त्याचं जमेना, आणि त्याच्यापायी बाकीच्यांना तू सहा वर्षं अंगणात उभं ठेवलंस. आज तर त्यांना न जेवताच परत धाडायला निघालास. अरे, पाहुण्यांची यादी का पुरी करायची असते? जो येईल त्याच्याशी चार शब्द बोलावेत. सूर जुळला तर रात्रभर बसावं, नाही जुळला तर हात जोडावेत. त्यात कुणाचा अपमान नाही."

एवढं बोलून त्यांनी लाडू बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. "चला रे, भूक लागलीय!"

हसत, बोलत, रेटारेटी करत अख्खं अंगण घरात शिरलं. पंत मात्र आधी त्या खोलीत गेले. हत्तीचा ग्रंथ उचलला, कपाळाला लावला आणि मिटला. सहा वर्षांचं ओझं उतरलं. पंतांना अक्षरशः नाचावंसं वाटलं. मग डोळे मिटून त्यांनी ढिगाच्या मधूनच एक पुस्तक ओढलं.

पंगत उठल्यावर, विडे चघळत सगळे बसले असताना पंतांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. कुणा प्रवाशाची हकिकत होती. परमुलखात भाषा न कळल्यामुळे गडी चुकून एका लग्नात नवरदेवाच्या जागी जाऊन बसतो, आणि वरात खऱ्या नवरदेवासकट दारात येते! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. रेवती पोट धरून म्हणाली, "बाबा, हळू वाचा हो, आतलंही हसतंय! आणि ही पुस्तकं माझ्या खोलीतच राहू द्यात. खाटेपुरती जागा करा की झालं. सव्वा महिना मी नुसतं छताकडे बघत पडू का?"

भामाबाई म्हणाल्या, "पाककृतींची असतील ती माझ्या फडताळात येतील." शेजारणीने दोन मागून नेली. गाडी दारात उभीच होती, पण ग्रंथविक्रेता मांडी घालून पुढे सरसावला होता. "पंत, ते जाऊ द्या. खऱ्या नवरदेवाचं काय झालं ते आधी सांगा."

शेवटी तो एकच पुस्तक घेऊन गेला. एका संस्थानात त्याच्या ओळखीचा माहूत होता. हत्तीच्या नखांची वाट बघणारा तो जगात बहुधा एकटाच असावा.

दिवेलागणीला गुरुजी निघाले. पंत पुस्तकात बोट घालून त्यांना पोचवायला दारापर्यंत आले. उंबऱ्याच्या कडेला तो लाडू तसाच पडला होता.

"गुरुजी, हा राहिला की!"

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "कावळे खातील. तू जा आत, मंडळी खोळंबलीत."

आपल्याही घराच्या उंबऱ्यावर कोण ठाण मांडून बसलंय, ते आज घरी गेल्यावर जरा बघावं.