केरबाचे चोवीस माठ

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा कुंभार राहत होता. त्याच्या माठातलं पाणी इतकं गार, की चैत्र लागला की पाच गावची माणसं त्याच्या दारी यायची. हाताला गुण होता, आणि त्या गुणाचा केरबाला अभिमानही होता.

त्या वर्षी माघात त्याच्या मुलाचं लग्न झालं आणि सारजा सून म्हणून घरात आली. तीही कुंभाराचीच लेक. माती नीट मळून झाली की नाही, हे ती नुसतं चिमटीत धरून सांगायची. केरबाला सून मनापासून आवडली होती.

पण ती आल्यानंतरची पहिलीच भट्टी उघडली आणि केरबा एकेक माठ उलटा करून पाहू लागला. निम्म्याहून अधिक माठांची बुडं तडकली होती. बोटाने वाजवून पाहावं तर खणखणीत नाद नाही, नुसता बद्द आवाज. दुसरी भट्टी लावली, तिचंही तेच झालं.

केरबाची थोरली बहीण धुरपदा त्याच घरात राहायची. ती म्हणाली, "इतकी वर्षं माठ फुटले का? नाही. मग यंदा घरात नवं काय आलं? सून! पायगुण म्हणतात तो हाच."

केरबाला हे पटलं नाही, पण मनातून गेलंही नाही. यंदा आणखीही काही बदललं होतं. जुनी खाण संपत आली म्हणून त्याने नदीपलीकडची माती आणली होती. गिऱ्हाइकांची घाई होती म्हणून ओले माठ पडवीच्या सावलीत न ठेवता अंगणातल्या उन्हावाऱ्यात सुकवले होते. शेवटी त्याने ठरवलं, सगळंच पहिल्यासारखं करून पाहायचं. जुन्या खाणीतली उरलीसुरली दोन गाड्या माती खरवडून आणली, माठ पडवीत सुकवले आणि सारजाला सांगितलं, "पोरी, या खेपेला तू कामाला हात लावू नकोस."

त्या भट्टीत फक्त एक माठ तडकला.

"झाली ना खात्री?" धुरपदा म्हणाली. कुंभारआळीनेही माना डोलावल्या. केरबाने जड मनाने सारजाच्या भावाला निरोप धाडला, 'बहिणीला काही दिवस माहेरी घेऊन जा.' काही दिवस म्हणजे कायमचंच, हे सगळ्यांना कळलं होतं. मुलगा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता.

सारजा दाराशी येऊन उभी राहिली. डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता.

"मामंजी, तुम्ही म्हणाल तर मी जाईन. पण एक विचारू? तुम्ही माती बदललीत, सुकवायची जागा बदललीत आणि मलाही लांब ठेवलंत. तीन गोष्टी एकदम. मग गुण आला तो कशाचा, हे कसं कळलं?"

"सासऱ्याला उलट विचारतेस?" धुरपदा कडाडली.

"थांब आक्का," केरबा म्हणाला. "बरोबर विचारतेय ती." मग सुनेकडे वळून म्हणाला, "तूच सांग, कसं कळेल?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. सहा माठ अगदी जुन्या रीतीने करा, बाकीचे त्यांच्याशी ताडून बघू. दुसऱ्या सहांची फक्त माती नवी. तिसरे सहा फक्त अंगणात सुकवायचे. आणि शेवटच्या सहांची माती मी मळीन, भट्टीतही मीच रचीन. चोवीसही माठ तुम्हीच घडवायचे, एकाच मापाचे. भट्टी एक, जाळ एक. माझ्या हातचेच तडकले, तर मी आपल्या पायांनी भावाबरोबर जाईन."

केरबाने होकार दिला. पहिल्या सहांना खूण नाही, दुसऱ्यांच्या गळ्याशी एक रेघ, तिसऱ्यांना दोन, चौथ्यांना तीन. माठ सुकत असताना त्याचं मन सारखं एकीकडे झुकायचं. मातीच दोषी निघावी, असं त्याला वाटे. म्हणजे सुनेवरचं बालंट टळेल आणि आपल्यावरही काही येणार नाही. कारण अंगणात माठ मांडायची घाई त्याचीच होती! तरीही त्याने अंगणातल्या एकाही माठावर सावली धरली नाही.

भट्टी उघडायच्या दिवशी सारी आळी जमली. सारजाचा भाऊही आला होता. केरबा एकेक माठ उचलून वाजवू लागला. बिनखुणेचे सहाही खणखणीत. एका रेघेचे, नव्या मातीचे, तेही सहा खणखणीत. दोन रेघांचे हाती घेतले. बद्द. बद्द. सहातले पाच तडकले होते. तीन रेघांच्या सहात एकच तडकला होता.

"बघा, फुटलाच ना तिच्या हातचा!" धुरपदा म्हणाली.

"आक्का, एखाददुसरा माठ माझ्याही हातून फुटतो. तिला लांब ठेवलं होतं तेव्हाही एक फुटलाच होता," केरबा म्हणाला. "पण तुझी शंका नको राहायला. आपण पुन्हा लावू."

सारजाच्या भावाला त्याने ठेवून घेतलं. तशीच मांडणी पुन्हा केली, तशीच भट्टी पुन्हा लावली. या खेपेला सारजाच्या हातचे सहाही माठ घंटेसारखे वाजले, बिनखुणेचे आणि नव्या मातीचेही. अंगणात सुकवलेले चार तडकले.

केरबाला गप्प बसता आलं असतं. माठ आता नीट होतील, एवढंच सांगून त्याला घरात जाता आलं असतं. पण तो आळीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मातीचा दोष नाही, पोरीचा तर नाहीच नाही. ओले माठ उन्हावाऱ्यात मांडायची घाई मी केली. चूक माझी, आणि बोल तिला लागला." मग सारजाच्या भावाला म्हणाला, "पाहुणे, आता जेवूनच जा. बहीण मात्र इथेच राहील."

सारजाने पदराने डोळे पुसले. जेवताना धुरपदाने सारजाला हाक मारली, आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी केरबाने चाकाजवळ बसता बसता विचारलं, "सूनबाई, आता काय तपासायचं?"

"वाळू, मामंजी," सारजा म्हणाली. "मातीत मूठभर जास्त घातली तर पाणी आणखी गार होतं का, ते बघू. पण बदलायची फक्त वाळू हं!"

केरबा मनापासून हसला आणि वाळू चाळायला उठला.

तात्पर्य: खरं कारण शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात आणि पुन्हा एकदा करून पाहावं; उत्तर आपल्याविरुद्ध गेलं तरी ते चारचौघांत मान्य करावं.