आवडूचे गुडघे

दोडामार्गाकडच्या एका आडगावाबाहेर, दोन डोंगरांच्या बेचक्यात, बारा महिने पाणथळ असलेली एक राई आहे. रानजायफळाची उंच झाडं तिथं चिखलातच उभी आहेत. त्यांची मुळं जागोजागी चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा आत शिरतात. चिखलात मुळांचा श्वास कोंडतो म्हणून ती वर येतात, हे मी वाचून गेले होते. तरी समोर पाहिले ते गुडघेच. शेकडो गुडघे.

माझ्या चार वर्षांच्या रेवाला एका मुळावर बसवून मी चपला काढायला वाकले. "इथंच बस, हलू नकोस."

वाट दाखवणारे बुधाजी गवस थबकले. "बाय, ह्या राईत पोराक असा सांगूचा नाय."

आई म्हणून माझं काहीतरी चुकतंय, हे ऐकायची मला सवय आहे. पण इतक्या हळू आवाजात कुणी सांगितलं नव्हतं.

फार पूर्वी इथं आवडू नावाची बाई पत्री वेचायला येई, असं सांगतात. पत्री म्हणजे फळातल्या बीवरची तांबडी जाळी. धनेश पक्ष्यानं फळ गाठायच्या आत ते गाठायचं, जाळी सोलून घ्यायची आणि बी तिथल्या तिथं अंगठ्यानं चिखलात दाबायचं, ही रीत तेव्हाही होती. हे बी वाळलं की मरतं, ओल्यातच रुजतं.

एके दिवशी तिच्याबरोबर तिची लहानगी लेक पुतळी होती. "हयच बस, हलू नको," असं सांगून आवडूनं तिला मुळावर बसवलं. त्या साली फळं बक्कळ होती. एक झाड झालं, मग दुसरं. 'आता हे शेवटचं' असंही ती म्हणाली असेल. हे बुधाजींनी सांगितलं नाही, मीच जोडते आहे.

वर घाटात वळीव कोसळला होता. ओहोळ अचानक फुगून राईत शिरला. आवडू धावत आली तेव्हा मूळ होतं, पुतळी नव्हती. पोर जागची हलली नव्हती म्हणे. सांगितलं तशी बसून राहिली.

आवडू गुडघ्यांवर बसून चिखल चाचपू लागली. गाव जमला. "ऊठ गो आवडू," म्हणत दिरानं दंडाला धरून ओढलं. ती हलेना. म्हणाली, "इतक्यो बियो ह्या चिखलाक दिलंय, सगळ्यो वर इल्यो. माजी पुतळी तेवडी येवची नाय?"

तिसऱ्या दिवशी लोक आले तेव्हा आवडू दिसली नाही. तिचे दुमडलेले गुडघे तेवढे चिखलाबाहेर होते, आणि त्यांच्यावर साल आली होती. या झाडाला घाव बसला की तांबडा चीक गळतो. म्हणून राईत कुणी कोयता नेत नाही.

आजही पत्री वेचणारी बाई वाकण्याआधी मोठ्यानं हाक घालते, "आवय गो, मी हय आसंय!" पुतळीच्या वतीनं. ती ऐकून तरी आवडू उठेल म्हणून. बुधाजींच्या आजीनं घातली, आईनं घातली. आता सून घालते.

"मी घालू?" रेवानं विचारलं. बुधाजींनी मान डोलावली.

"आई, मी इथं आहे!"

तिचा हात माझ्याच हातात होता, तरी मी "ओ" दिली. मग आम्ही तिघंही राईकडे बघत उभे राहिलो. एकही गुडघा सरळ झाला नाही.