तारेवरची चुई

“पण मास्तर, ही चुई जाणारच नसेल तर?” सुश्रुतने विचारलं.

इनास मास्तर ओसरीवर बसून विड्याची पानं एकावर एक लावत होते. मोठी खाली, कोवळी वर. त्यांनी मान वर केली, सुश्रुतच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “कुठली चुई?”

कुठली म्हणे! सुश्रुतला रागच आला. ज्याने उभा जन्म गिटार शिकवण्यात घालवला, त्याला चुई माहीत नसावी? गिटारच्या तीन जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते. डाव्या हाताचं बोट तिच्यावरून घासत दुसऱ्या जागी गेलं की ‘चुई’ असा आवाज निघतो. सूर कितीही गोड लागलेला असो, मधेच उंदीर ओरडल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका संगीतसंस्थेच्या निवडीत परीक्षकांनी त्याच्या कागदावर एकच ओळ लिहिली होती. डाव्या हाताचा आवाज फार. येत्या रविवारी ती निवड पुन्हा होती. पंचविशी उलटली की तिथे कोणाला बसू देत नाहीत, आणि सुश्रुतला श्रावणात पंचवीस पूर्ण होत होती. हा रविवार गेला की दार कायमचं बंद.

हा सुश्रुत देवस्थळी शाळेत असताना सहा वर्षं याच ओसरीवर शिकला. मग मास्तरांकडे शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलं आणि तो पुण्याला गेला. सात वर्षांत त्याने या वाडीत पाऊल टाकलं नव्हतं. आज मात्र पहाटेची एसटी धरून वसईला आला होता. अडला हरी, दुसरं काय.

त्याने सगळं सांगितल्यावर मास्तरांनी विचारलं, “काय काय करून पाहिलंस?”

“घासून गुळगुळीत केलेल्या तारा परदेशातून मागवल्या. बोटांचे घट्टे काचकागदाने घासले. खोबरेल लावलं, पावडर लावली.”

“मग?”

“थोडी कमी झाली. मग बोटं उचलून टाकायला लागलो. तारेला घासूच द्यायची नाहीत.”

“वाजव.”

सुश्रुतने वाजवलं. फार जपून वाजवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही चुई झाली नाही, आणि तो शाबासकीची वाट बघत बसला.

मास्तरांनी पुढचं पान उचललं आणि ते पुसायला लागले.

“चुई आली नाही ना?” न राहवून सुश्रुतने विचारलं.

“गाणंही आलं नाही.”

सुश्रुतचा चेहरा उतरला. मास्तर काही नवीन सांगत नव्हते. बोट उचलून टाकायचं, म्हणजे दोन सुरांच्या मधे दर वेळी एक भोक पडायचं. हे त्याला गेले दोन महिने ठाऊक होतं, म्हणूनच तर तो आला होता.

“आता चुईला विसर,” मास्तर म्हणाले. “तुला वाजवावंसं वाटतं तसं वाजव.”

त्याने वाजवलं. या वेळी सूर एकात एक मिसळले, आणि चुईसुद्धा आली. ती आली त्या क्षणी मास्तरांनी बोट वर केलं. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा त्यांचं बोट वर. असं चार वेळा झालं. एकदाही त्यांचं चुकलं नाही.

सुश्रुत खजील झाला, पण त्याला बरंही वाटलं. म्हातारा पंच्याहत्तरीचा, पण कान कसा तिखट.

“तुमचा कान अजून तसाच आहे, मास्तर.”

“कान गेला रे माझा.”

मास्तरांनी पानं पुन्हा पुढ्यात ओढली. “दोन वर्षं झाली. खालचे सूर येतात, बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या. तुझी चुई मला ऐकू येत नाही. तुझं बोलणंसुद्धा अर्धं मी ओठांवरून घेतो.”

सुश्रुत गिटार मांडीवर घेऊन तसाच बसला. त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते काही चांगलं नव्हतं. रविवार तीन दिवसांवर आला आणि आपण चुई घालवायला बहिऱ्याकडे आलो. मग त्याला स्वतःची लाज वाटली. सात वर्षांत एक फोन केला असता तर म्हाताऱ्याचे कान जाताहेत, हे तरी कळलं असतं.

“मग तुम्ही बोट कसं वर करत होता?”

“चुई व्हायच्या आधी तुझा खांदा वर जातो. हात दुसरीकडे न्यायचा म्हटलं की तुला भीती वाटते. भ्यालेला माणूस असेल ते घट्ट धरतो. धरलेलं बोट तसंच ओढत नेलंस की तार ओरडणार नाही तर काय करेल?”

म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. वर्षभर हा शहाणा तारेला औषध लावत होता.

मास्तरांनी गिटार स्वतःकडे घेतली. “माझ्या बोटांवर तुझी बोटं ठेव.”

सुश्रुतने ठेवली. मास्तरांचा हात जाड तारेवरून एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला. चुई झाली नाही, भोकही पडलं नाही. सुश्रुतला ते बोटांखाली कळलं. सूर संपता संपता, हात निघायच्या आधीच, बोटातला जोर निघून गेला होता. बोट तारेला नुसतं लागलेलं होतं. हात पोचला आणि मग ते पुन्हा टेकलं.

“आधी सोड,” मास्तर म्हणाले, “मग जा. तू आधी जातोस आणि मग सोडतोस.”

सुश्रुत तेवढंच करत बसला. सोड, जा, टेक. सोड, जा, टेक. मास्तरांची पानं लावून झाली, पानांवर ओलं फडकं घालून झालं, तरी हा आपला तेच करतोय. चारांच्या तीन झाल्या, तिनांच्या दोन झाल्या. शेवटी एकच चुई उरली, अखेरच्या ओळीत हाताला लांब उडी घ्यावी लागते तिथली. ती काही केल्या जाईना.

“एक राहिलीच,” तो म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. “परीक्षक तेवढीच ऐकतील, मास्तर.”

मास्तर त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिले…

“चाळीस वर्षं मी पोरांच्या बोटांमधून तिला हाकलत आलो,” ते म्हणाले. “आता ती माझ्याकडे फिरकतच नाही. मला एकदा ऐकव ना.”

“काय ऐकवू?”

“तुझी चुई.”

मास्तर पुढे सरकले आणि त्यांनी गिटारच्या लाकडाला कानशील टेकवलं. त्यांचे पांढरे केस सुश्रुतच्या दंडाला लागले. “लाकडातून येईल कदाचित. मुद्दाम घासू नकोस. आपणहून येते ती ऐकव.”

लहानपणी एक सूर चुकला तर ज्यांच्या नुसत्या नजरेने हातपाय गार पडायचे, ते मास्तर आता त्याच्या मांडीशी डोकं ठेवून वाट बघत होते.

त्याने अखेरची ओळ धरली. लांब उडी आली आणि गेली.

मास्तरांनी डोळे वर करून विचारलं, “आली?”

“नाही. थांबा, परत वाजवतो.”

त्याने परत वाजवलं. मग आणखी एकदा. रविवार त्याच्या डोक्यातून केव्हाच गेला होता. ती एकदा यावी, या माणसाला एकदाच मिळावी, एवढंच त्याला हवं होतं. खांदा खाली होता. बोट हलकं होऊन निघत होतं आणि आपल्या जागी जाऊन टेकत होतं, आणि सूर एकामागून एक नुसते वाहत होते…

“येत नाही, मास्तर.” त्याचे डोळे भरून आले होते. “इतक्यांदा वाजवली, पण येतच नाही.”

मास्तरांनी डोकं उचललं. लाकडाचा वळ त्यांच्या गालावर उमटला होता. तो तळहाताने चोळत ते म्हणाले,

“रविवारीसुद्धा तुझी चुई एखाद्या बहिऱ्यालाच ऐकव.”