बायडाक्काच्या सुताचे कुंपण

माणदेशातल्या हिवरतळे गावी त्या वर्षी श्री मायाप्पा महाराजांचा मुक्काम होता. गाव धनगरांचे, भोवती उजाड माळ. माळाच्या मधोमध बिरोबाचे देऊळ आणि देवळाला लागून दगडी ओटा. महाराज त्याच ओट्यावर राहत. अंगावर एक घोंगडी आणि तोंडात देवाचे नाव, एवढाच त्यांचा संसार. पण सकाळ झाली की गावातल्या बायका आपापले रहाट उचलून तिथेच सूत काढायला येत. महाराज त्यांच्यात बसत, लोकर पिंजू लागत, कुणाच्या ओवीला ओवी जोडत. हसण्याखिदळण्याने ओटा नुसता भरून जाई.

त्या बायकांत बायडाक्का होती. एके काळी तिच्या घरी साठ मेंढरे होती. एका वर्षीच्या रोगात कळप गेला आणि त्या धक्क्याने पाठोपाठ तिचा नवराही गेला. आता तिच्याजवळ मेंढरू नव्हते, लोकर नव्हती. होता तो एक जुना रहाट, आणि सूत काढल्याशिवाय तिच्या हातांना करमत नसे.

मग तिने काय करावे? गावचे कळप चरून परतले की बायडाक्का त्यांच्या वाटेने उलटी चालत जाई. बाभळीच्या, बोरीच्या काट्यांना मेंढरांच्या अंगची लोकर अडकलेली असे. कुठे पांढरे पुंजके, कुठे काळे, कुठे तांबूस. ते ती एकेक करून वेचून ओटीत भरी. घरी आणून त्यातले काटेकुसळे निवडी, ओढ्यावर धुई, उन्हात वाळवी, पिंजून मऊ करी आणि मग रहाटावर बसे. चाती गरगर फिरू लागली की तिचे ओठ हलू लागत. बोटांतून सूत निघे आणि ओठांतून नाव निघे, “बिरोबाच्या नावानं चांगभलं.” सूत थोडे जाड येई, रंग तर तीन. पण तिला त्यातच सुख वाटे.

चैत्रात बिरोबाची जत्रा असे. गावातल्या प्रत्येक घरातून थोडे थोडे सूत यायचे आणि त्याची देवासाठी नवी घोंगडी विणली जायची. सूत पारखून घेण्याचा मान धुळाप्पा कारभाऱ्याचा. गावात सर्वांत मोठा कळप त्याचा. माणूस वाईट नव्हता, मेंढरांवर तर त्याचा जीव होता. पण आपल्यासारखी लोकर पंचक्रोशीत नाही, हा ताठा त्याच्या फेट्यापासून वहाणांपर्यंत भरलेला.

जत्रेच्या दुपारी धुळाप्पा टोपली घेऊन ओट्यावर बसला. बायका सुताचा एकेक गुंडा देत होत्या, तो बोटांत सूत ओढून बघत होता आणि मान हलवून टोपलीत टाकत होता. शेवटी बायडाक्का पुढे आली. वर्षभर वेचलेल्या लोकरीचा तिचा गुंडा जेमतेम कवठाएवढा होता.

धुळाप्पाने तो दोन बोटांत धरला. “आक्के, हे सूत हाय का सुतळी? आन् ही लोकर कुठल्या कळपाची?”

“कळप कुठला, कारभारी? काट्यावरची येचलेली हाय.”

“म्हंजे आमच्याच मेंढरांची!” धुळाप्पा मोठ्याने हसला. “गावानं सांडलेलं गोळा करायचं आन् देवाला द्यायचं व्हय? देवाच्या अंगाला काटं टोचतील की गं!”

बायका हसल्या. काही जणी तर काल तिच्याच शेजारी बसून ओव्या गात होत्या, त्याही हसल्या. धुळाप्पाने गुंडा तिच्या हातावर परत ठेवला.

बायडाक्काचे तोंड एवढेसे झाले. गुंडा पदराखाली धरून ती देवळामागच्या कडुलिंबाखाली गेली. महाराज तिथे एका लंगड्या कोकराच्या पायाला पाला बांधत बसले होते.

“काय झालं, माय?” महाराज म्हणाले.

तिने गुंडा पुढे केला. “देवानं न्हाई घेतलं, म्हाराज.”

महाराजांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यांचा चेहरा कसा उजळून निघाला! “अगं, गावातली लोकर ज्याच्या त्याच्या घरची. तुझ्या या गुंड्यात मात्र साऱ्या गावची मेंढरं एका धाग्यात नांदतायत. आणि देवानं नाही म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? धुळाप्पानं नाही म्हटलं. नीट सांभाळ हा.”

एवढे बोलणे होते न होते तोच वारा पडला. पानसुद्धा हलेना. पश्चिमेकडून काळ्या-तांबड्या ढगांची भिंत चालून येऊ लागली. म्हाताऱ्या माणसांनी ढगाचा रंग ओळखला. “गारा! गारा येत्यात!”

धुळाप्पाच्या तोंडचे पाणी पळाले. त्याच्या मेंढ्या गड्यांबरोबर दूर डोंगरात चरायला होत्या, पण दीडशे कोकरे देवळामागच्या उघड्या माळावर, जाळीच्या वाघरीत कोंडलेली होती. काही आठ दिवसांची, काही तर कालची. तो फेटा सावरत धावला. चार-पाच माणसे हाताला येतील ती कोकरे उचलून देवळात नेऊ लागली. पण दीडशे जीव कितीसे नेणार? दूर माळावर पहिली गार पडली, लिंबाएवढी. ती आपटून फुटलेली धुळाप्पाने पाहिली. तो तसाच धावत महाराजांपुढे येऊन गुडघ्यांवर बसला.

“म्हाराज, माझी कोकरं वाचवा!”

“सूत आण,” महाराज म्हणाले.

धुळाप्पा पळत जाऊन टोपली घेऊन आला. “ह्ये घ्या! निवडक हाय, बारीक हाय!”

“ते देवाला वाहिलेलं. त्याला हात लावू नये.” महाराज बायडाक्काकडे वळले. “माय, तुझं परत आलेलं सूत मोकळं आहे. या वाघरीभोवती ते फिरव.”

सुताने गारा कशा अडणार, हे बायडाक्काने विचारले नाही. तिने सुताचे टोक महाराजांच्या हातात दिले आणि गुंडा सोडत ती वाघरीच्या कडेने धावू लागली. वारा सुटला होता. सूत जमिनीला टेकू नये म्हणून कुणीतरी धरायला हवे होते. ओट्यावरच्या बायका क्षणभर पाहत राहिल्या. मग सखव्वा पुढे झाली, तिच्यामागे गोदाक्का, मग साऱ्याच. दहा-दहा पावलांवर एकेक जण सूत हातांत धरून उभी राहिली.

अर्धी फेरी झाली आणि गुंडा सुपारीएवढा उरला. बायडाक्काने पळता पळता विचारले, “म्हाराज, पुरंल का ओ?”

“गुंड्याकडं नको बघू. कोकरांकडं बघ!”

तिने कोकरांकडे पाहिले. एकमेकांत तोंडे खुपसून ती थरथरत होती. बायडाक्का पळत राहिली, तोंडाने चांगभलं म्हणत राहिली, आणि महाराजांच्या शेजारी पोहोचली तेव्हा कुठे सुताचे दुसरे टोक तिच्या हाती आले. पण ओढ्याच्या बाजूला सूत खाली लोंबत होते. माणसे कोकरे देवळात नेण्यात गुंतलेली, तिथे धरायला कुणी नव्हते.

“कारभारी!” बायडाक्का ओरडली. “तिथं तुमी ऱ्हावा!”

धुळाप्पा धावला. मघाशी ज्या सुताला नावे ठेवली होती, तेच त्याने दोन्ही हातांत उराशी धरले.

आणि आभाळ फुटले! गारांचा तो मारा काय सांगावा! लिंबाची पाने झडली, देवळाचा ओटा पांढरा झाला, धुळाप्पाचा फेटा वाऱ्याने कुठल्या कुठे नेला. उभ्या राहिलेल्यांच्या पाठीवर गारा सपासप बसत होत्या. पण पाहावे तो काय! त्या सुताच्या आत एक गार पडेना. आतली माती कोरडी, आतले गवत कोरडे. जणू कुणीतरी वर भली मोठी घोंगडी धरली होती. वाऱ्यात ते जाडेभरडे सूत वीणेच्या तारेसारखे गुणगुणत होते आणि कुठे तुटत नव्हते. सखव्वा रडत होती, हसत होती. तिनेच आधी ओवी धरली,

“बाभळीच्या काट्यावर पांढरं फूल आलं,
बिरोबाच्या नावानं त्याचं गं सूत झालं.”

भोवतीच्या सगळ्यांनी ती उचलली. महाराजांचा आवाज तर सर्वांच्या वर.

घटकाभराने ऊन पडले. माळ गारांनी चकाकत होता आणि मध्ये उरलेली सगळी कोकरे कोरड्या अंगाने बें बें करीत आईला हाका मारत होती. भिजलेल्या पाठी चोळत बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सूत धरणाऱ्यांपैकी एकालाही खोक पडली नव्हती. मग “चांगभलं!” असा एकच गजर झाला.

धुळाप्पा डोळे पुसत आला आणि महाराजांच्या पायांवर वाकू लागला. महाराजांनी पाय मागे घेतले. “माझ्या हातात नुसतं टोक होतं रे! वर्षभर काट्यांतून एकेक केस वेचून, नाव घेत ते ओढलं कुणी?”

धुळाप्पा वळला. साऱ्या गावासमोर, उघड्या डोक्याने, त्याने बायडाक्काच्या पायांवर कपाळ टेकले.

“आक्के, चुकलो. लई मोठं चुकलो.”

बायडाक्का गडबडून गेली. मागे सरायचेही तिला सुचेना. मग ती खाली वाकली, त्याच्या केसांत अडकलेली एक गार बोटांनी अलगद काढली आणि म्हणाली, “उठा दादा. मेंढ्या यायच्या झाल्या, कोकरं भुकेजली असतील.”