पुसलेल्या प्रश्नांची उत्तरं

एका गावात एक सर्वज्ञ राहत होता. निदान गाव तरी तसंच समजायचं. त्याचं नाव केरबा. कुणाची म्हैस दूध चोरायला लागली, कुणाची वैरण खाईना, की माणसं केरबाच्या दारात. केरबा हनुवटी खाजवायचा आणि म्हणायचा, "उद्या सांगतो."

त्या उद्यातच सगळी गोम होती.

केरबाच्या फोनात 'गोठा' नावाचा गट होता. दूरदूरच्या गावांतली गुरं राखणारी माणसं त्यात होती. रात्री केरबा तिथं लिहायचा, "म्हैस आजारी. काय करू? लवकर सांगा." ना रामराम, ना म्हशीचं वय, ना दुखणं काय ते. पुढच्यानंच खोदून खोदून विचारायचं. उत्तर मिळालं की केरबा आधी आपला प्रश्न पुसून टाकायचा. तिथं काही विचारलं होतं याचा मागमूसही उरायचा नाही. आपलं अज्ञान चारचौघांत कशाला टांगून ठेवा? आभार नाहीत, म्हैस जगली की मेली याचा पत्ता नाही. होता होता माणसंही शहाणी झाली. केरबाचं नाव दिसलं की फोन पालथा ठेवायला लागली.

एकटी बायजाक्का तेवढी उत्तर द्यायची. लांबच्या एका वाडीतली म्हातारी, सगळा जन्म गोठ्यात गेलेला. जेमतेम वाचता यायचं, पण लिहिता यायचं नाही, म्हणून ती फोनात बोलून आवाजाचा निरोप धाडायची. समोर बसून बोलावं तशी. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं, "म्हस उठली की सांग रं बाबा. वाट बघते मी."

केरबानं कधीच सांगितलं नाही.

पुढं गटात नवी माणसं आली. त्यांनी जुने निरोप ऐकले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. प्रश्न कुठंच नाही आणि म्हातारी उत्तरं देतेय. "न्हाई, घाबरू नको." मग थांबते, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. "व्हय, तेच कर." परत थांबते. एकानं लिहिलं, 'या गटात आपल्याला न दिसणारं कुणीतरी आहे. आक्का त्याच्याशी बोलते.' केरबानं ते वाचलं आणि तो हसला. पण का कोण जाणे, त्यानंतर त्यानं ते जुने निरोप कधी उघडले नाहीत.

उन्हाळ्यात बायजाक्का वारली. सगळ्यांनी हळहळ लिहिली. केरबानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. तेही नंतर पुसलं की काय, देव जाणे.

पावसाळा सरता सरता तालुक्याला मेळावा भरला. 'म्हशीची निगा' या विषयावर बोलायला केरबाला बोलावणं आलं. नवा फेटा बांधून स्वारी निघाली. गडबडीत फोन घरीच कोनाड्यात राहिला.

घरी त्याची बायको शेवंता होती आणि गोठ्यात मैना म्हैस. मैनेला शेवंतानं रेडी असताना माहेराहून आणलं होतं. पोटच्या पोरीसारखा तिच्यावर जीव. मैना त्याच पहाटे व्याली होती. दुपारी ती बसली ती उठेचना. मान कुशीला वळवून पडून राहिली. शेवंतानं कानाला हात लावला, तर कान गार.

गेल्या वेतालाही मैना अशीच पडली होती, हे शेवंताला आठवलं. तेव्हा ती माहेरी होती; नवऱ्यानं फोनवर कुणाला तरी विचारलं आणि मैना उठली, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. तिनं गुरांच्या डॉक्टरांना निरोप धाडला. ते लांबच्या गावी गेले होते, यायला वेळ होता. मग तिनं कोनाड्यातला फोन घेतला आणि गटात लिहिलं, "रामराम. मी केरबांची बायको शेवंता. म्हैस पहाटे व्यालीय, आता पडलीय. कान गार लागतात. काय करू, कृपा करून सांगा."

किती नीट विचारलं होतं हो तिनं! पण वर नाव केरबाचं होतं. कुणी उघडूनच पाहिलं नाही.

शेवंता मागचे निरोप शोधू लागली. गोठ्यात माशीसुद्धा घोंगावत नव्हती. त्या शांततेत मेलेल्या बायजाक्काचा आवाज आला, "गोडं तेल पाज तिला, तांब्याभर. येळ घालवू नको." आणि त्याच्या पाठोपाठ, "तोंडात काय बी घालू नको. थेंब न्हाई. ठसका लागंल आन् जाईल जनावर. डाक्टर येस्तवर नुस्ती धरून बसीव."

यातलं एक उत्तर शेजाऱ्याच्या पोट फुगलेल्या म्हशीसाठी होतं आणि दुसरं मैनेसाठी. पण कुठलं कुणाचं, हे सांगणारे प्रश्न केरबानं पुसले होते.

शेवंता रडकुंडीला आली. निरोपावरचं नाव बघून फोनलाच म्हणाली, "आक्का, तेल पाजू का गं?"

पुढचा निरोप आपसूक वाजला. "व्हय, तेच कर."

शेवंतानं तांब्याभर तेल आणलं. तिनं ते पाजलं. मैनेला जोराचा ठसका लागला. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं.

दिवेलागणीला केरबा शाल-नारळ घेऊन परतला. गोठ्यातून ओळखीचा आवाज येत होता. "म्हस उठली की सांग रं बाबा. वाट बघते मी." एक निरोप संपला की दुसरा लागत होता आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच. शेवंता मैनेच्या डोक्याशी बसली होती. पलीकडे रेडकू हंबरत होतं.

शेवंतानं वर पाहिलं. "तुम्ही काय विचारलं होतं हो तिला?"

 शाल तिथंच टाकून केरबा खाली बसला. त्यानं फोन घेतला आणि दोन्ही जुने प्रश्न आठवून आठवून लिहिले. कुठलं उत्तर कशाचं, तेही लिहिलं. शेवटी लिहिलं, "आक्का, तुमच्यामुळं मागल्या वेताला मैना उठली होती. सांगायचं राहिलं. आज ती गेली."

निरोपाखाली एक खूण उमटली. सगळ्यांपर्यंत पोचला की दुसरी उमटते. ती उमटली नाही, कारण त्या गटातला एक फोन आता कायमचा बंद होता. केरबा अजूनही रोज फोन उघडून ती खूण बघतो.

तात्पर्य: मदत मागावी ती नाव आणि अडचण नीट सांगून. मिळाली की आभार मानावेत, पुढं काय झालं ते कळवावं आणि आपला प्रश्न पुसू नये. उत्तर देणारं माणूस निघून जातं, पण तोच प्रश्न फिरून आपल्याच दारात येतो.